‘गुगलबाबा की जय’ म्हणालो आणि मित्र गप्प झाला

पत्राचा सारांश: पन्नाशी ओलांडलेले, कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारे एक वाचक लिहितात. (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.) शाळेतल्या अकरा मित्र-मैत्रिणींचा त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला एक खेळ तिथं अगदी परवापर्यंत चालायचा. रात्री नऊला एकानं प्रश्न टाकायचा, इतिहासातला नाहीतर सिनेमा, नाटक, गाणी, खेळ यांतला. पहिलं बरोबर उत्तर ज्याचं, त्यानं दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायचा. सर संध्याकाळी कपाटातली पुस्तकं काढून आपले प्रश्न तयार करतात, सगळ्यांचे गुण वहीत मांडतात आणि महिनाअखेरीला ग्रुपवर टाकतात. बहुतेक महिने पहिला नंबर त्यांचाच असे. अलीकडे मात्र उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणारा, बारावीनंतर शिक्षण सुटलेला त्यांचा मित्र अर्ध्या मिनिटात उत्तरं देऊ लागला. एरवी ‘व्हय रं’, ‘न्हाई गा’ लिहिणारा हा माणूस उत्तरं मात्र छापील मराठीत देतो. एका रात्री सरांनी विचारलं, ‘भारताला ऑलिंपिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं?’ मित्रानं लगेच नॉर्मन प्रिचर्डचं नाव दिलं. सरांनी उत्तर चूक ठरवलं आणि खाली लिहिलं, ‘गुगलबाबा की जय.’ सगळे हसले. तेव्हापासून मित्र ग्रुपवर एक अक्षर बोललेला नाही. खेळ बंद पडलाय आणि नऊच्या ठोक्याला आता फुलांचे फोटो येतात. सर विचारतात: त्याची लबाडी सगळ्यांसमोर स्पष्ट मांडावी, व्हिडिओ कॉलवर कडक नियमांनी खेळ सुरू करावा, की आपणच ग्रुप सोडावा? शिवाय सिनेमाच्या फुटकळ प्रश्नांवर सगळे तुटून पडतात आणि इतिहासाच्या प्रश्नाला नुसता अंगठा मिळतो, हे दुखणं वेगळंच.

नमस्कार सर,

चार पानी पत्रातली तीन पानं तुम्ही पुराव्याला दिलीत. उत्तर कितव्या सेकंदाला आलं, त्यात ‘यांच्याद्वारे’ कुठं आलं, इंटरनेटवरच्या कुठल्या परिच्छेदाशी ते जुळतं! इतकी कसून तपासणी बोर्डाच्या पेपरलाही होत नसेल. मी तुमच्या बाजूनं निकाल देऊन टाकते: तो शोधूनच उत्तरं देत असणार. पण हा निकाल हातात घेऊन तुम्ही करणार काय, ते मला पत्रात कुठं सापडलं नाही.

आधी त्या रात्रीचा प्रश्न बघू. तुमच्या मनात खाशाबा जाधव होते. कोल्हापूरकराच्या मनात दुसरं कोण येणार? १९५२ साल, हेलसिंकी, बँटमवेट गटात कांस्यपदक. माणूस कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, पण शिकला आपल्या राजाराम कॉलेजात, आणि त्याला परदेशी धाडायला प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. हे सगळं खरं. मात्र १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डनं २०० मीटर धावणं आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत अशी दोन रौप्यपदकं मिळवलीत, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदीत ती भारताच्या नावावर आहेत. तो इंग्रज आईबापांचा मुलगा होता, ती पदकं ब्रिटनची मानणारे अभ्यासकही आहेत, म्हणून तुमचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण तो घ्यायचा तर प्रश्नात ‘स्वतंत्र भारताला’ असं म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हटलं नाही. उत्तर त्याचं बरोबर होतं, प्रश्न तुमचा अर्धवट होता, आणि हशा पिकला तो त्याच्यावर.

पत्रात हा प्रसंग तुम्ही दीड ओळीत उरकलाय. मला वाटतं, सगळं पत्र त्या दीड ओळीसाठीच लिहिलं गेलंय.

आता थोडं आडवं विचारते, रागावू नका. संध्याकाळी सातला पुस्तक उघडून तुम्ही उत्तर बघता आणि मग प्रश्न लिहिता. तो नऊ वाजून अर्ध्या मिनिटानं फोन उघडून तेच उत्तर बघतो. दोघांनीही पाहिलंच. तुमच्या पाहण्याला आपण तयारी म्हणतो आणि त्याच्या पाहण्याला कॉपी, कारण तुम्ही आधी पाहिलंत. प्रश्न विचारणारा हा कुस्तीतल्या पंचासारखा असतो. त्याची पाठ लागण्याचा संभवच नसतो. म्हणून कोण प्रामाणिकपणे लढतंय यावर बोलताना पंचानं जरा सबुरीनं घ्यावं.

फोन बघायचा नाही, हा नियम तुमच्या ग्रुपवर कधी कुणी लिहिला होता का? ‘ते समजून घ्यायचं असतं’ असं तुम्ही म्हणता. तुम्हाला ते समजतं, कारण तीसेक वर्षं तुम्ही वर्गात पर्यवेक्षण केलंय. पण तुमच्या मित्राच्या कामाकडे बघा. कुठल्या मापाच्या बोल्टला किती आटे पाडायचे, हे तो तक्त्यात बघून ठरवतो. मायक्रोमीटर लावल्याशिवाय तुकडा पुढं पाठवत नाही. ‘मला पाठ आहे’ म्हणत अंदाजानं कापणाऱ्या कारागिराला तो दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. त्याच्या जगात बघून सांगणारा माणूस भरवशाचा असतो. एकाच गोष्टीला तुमच्या शाळेत शिक्षा आहे आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये किंमत आहे, आणि यावर तुम्ही दोघं कधी बोललाच नाहीत.

म्हणून त्याचं सगळं बरोबर असंही मी म्हणणार नाही. या खेळाची खरी गंमत अडण्यात असते. नाव जिभेच्या टोकावर येतं, पडत नाही, कुणीतरी भलतंच काहीतरी फेकतं, त्यावरून तिसऱ्याला आठवतं. अर्ध्या मिनिटात छापील परिच्छेद येऊन पडला की बाकीच्या नऊ जणांची ती धडपड फुकट जाते. त्याचा दोष असेल तर तो इतकाच, आणि हे त्याला सांगता येण्यासारखं आहे. ‘तू लबाड आहेस’ हे सांगण्यापेक्षा कितीतरी सोपं.

तो असं का करत असेल? माझा अंदाज चुकू शकतो, पण अकरा जणांत तुम्ही मास्तर, बाकीचे बहुतेक पदवीवाले, आणि महिनाअखेरीला गुणांची यादी. बारावीनंतर ज्याला मशीनवर उभं राहावं लागलं, त्याला पन्नाशीत पुन्हा एकदा वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. त्याला जिंकायचं होतं असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित त्याला नुसतं तळाला राहायचं नसेल. आणि खरं सांगा, पूर्वी महिनाअखेरीला कोण पहिला यायचा हे पत्रात दोनदा आलंय, ते कशासाठी?

बाकीच्यांचंही बघा. अकरातले सहाजण आठवड्यातून एकदाही उत्तर देत नाहीत, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. मला त्या सहांची काळजी जास्त वाटते. शोधणाऱ्याला निदान खेळायचं तरी आहे.

आता सिनेमा आणि इतिहास. ‘अशी ही बनवाबनवी’वरच्या प्रश्नाला साठ मेसेज आले आणि वारणेच्या तहाला एक अंगठा, याचं तुम्हाला वाईट वाटलं. पण तुमचा प्रश्न काय होता? ‘वारणेचा तह कोणत्या साली झाला?’ १७३१. संपलं. ज्याला माहीत आहे त्याला सांगण्यात मजा नाही, ज्याला नाही त्याला विचार करायला जागा नाही. निव्वळ सालाचा प्रश्न फोनसाठीच बनलेला असतो. हाच प्रश्न असा विचारून बघा: ‘पुण्याला जाताना किणीचा टोलनाका मागं टाकला की आपण एक नदी ओलांडतो. तिच्यावरून दोन चुलत भावांत एक मोठी वाटणी झाली होती. भाऊ कोण आणि वाटणी कसली?’ मग बघा काय होतं. ज्यानं आयुष्यात इतिहासाचं पुस्तक उघडलं नाही, त्यानंही तो टोल शंभरदा भरलाय. कुणी नदीचं नाव सांगेल, कुणी वाटणीवरून आपल्या भाऊबंदकीवर जाईल, आणि शेवटी तुम्ही सांगा की साताऱ्याचे शाहू छत्रपती आणि कोल्हापूरचे संभाजीराजे, दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला, आणि आजही त्या पुलावर कोल्हापूर जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो.

सिनेमाचे प्रश्न फुटकळ, हे तर कोल्हापुरात राहून म्हणूच नये. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथं सुरू झाली, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ इथं तयार झाला, पुण्याचं नाव त्यानंतर, १९३३ पासून. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं, तेव्हा ते बघून शहर रडलं; तो इतिहासाचा प्रश्न की नाटकाचा? तुम्ही दोन कप्पे केलेत, त्यातला एक वरचा ठरवलात, आणि निम्मा ग्रुप खालच्या कप्प्यात गेला.

कॅमेऱ्यावरूनच तुमच्या मित्रासाठी एक प्रश्न सुचतो. आनंदराव पेंटरांनी त्या कॅमेऱ्याचं काम सुरू केलं, १९१६ साली ते वारले, आणि बाबूरावांनी ते पुढं नेऊन पुरं केलं. आता विचारा: ‘हा कॅमेरा बनवताना सगळ्यात अवघड भाग कुठला गेला असेल, आणि का?’ फोनमध्ये नावं आणि सालं भराभर सापडतील. पण सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सरळ वाहत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती भिंगामागं क्षणभर थांबावी लागते, झडप उघडते, मिटते, मग पट्टी बरोबर एक घर पुढं सरकते, आणि हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, हातानं दांडा फिरवून. जरा ढिलं झालं की चित्र हलतं, जरा घट्ट झालं की पट्टी फाटते. फिरणाऱ्या दांड्यातून थांबत-थांबत जाणारी चाल कशी काढायची, हे तुमच्या ग्रुपवर एकच माणूस सांगू शकेल. छापील मराठीत नाही, त्याच्या भाषेत सांगेल, आणि तुम्ही ऐकत राहाल.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल थोडक्यात. सगळ्यांसमोर लबाडी मांडणं: ते तुम्ही ‘गुगलबाबा’ लिहून केलंच आहे, परिणाम समोर आहे. व्हिडिओ कॉल: रात्री नऊला एकीची पोळ्यांची घाई असते, एकाचं दुकान बंद व्हायचं असतं, परदेशातला मित्र अजून ऑफिसात असतो. हा खेळ इतकी वर्षं टिकला तो आपापल्या सवडीनं येता-जाता खेळता येतो म्हणून. कॉलवर पंधरा दिवसांत तीन माणसं उरतील, आणि त्यांतले दोघं कॅमेरा बंद ठेवतील. ग्रुप सोडणं: सोडलात तर चार दिवस सगळे विनवण्या करतील, पाचव्या दिवशी पुन्हा फुलांचे फोटो. तिन्ही मार्गांत तुमचा राग शमतो, मित्र परत येत नाही.

त्याऐवजी नियमच दोन करा आणि ते ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. काही वार ‘डोक्यातलं’: फोन बघायचा नाही, आणि साडेनऊपर्यंत कुणी थेट उत्तर टाकायचं नाही, फक्त अंदाज आणि इशारे. काही वार ‘शोधा’: फोन, पुस्तक, घरातली म्हातारी माणसं, सगळं चालेल. पण शोधाच्या दिवशी प्रश्न असा हवा की एका झटक्यात उत्तर मिळू नये. उदाहरणार्थ, ‘१९६५ च्या साधी माणसं या चित्रपटाचे संगीतकार आनंदघन कोण?’ हा प्रश्न डोक्यातला. लता मंगेशकर हे नाव ऐकून निम्म्यांना धक्का बसेल, तो धक्काच मजेचा. शोधाचा प्रश्न वेगळा: ‘खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला किती वर्षं लागली, आणि ते कुठल्या तालुक्यात आलं?’ दोन ठिकाणी बघावं लागतं, वजाबाकी करावी लागते, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेपाशी, म्हणजे २०२४ पाशी, पोचल्यावर ७२ हा आकडा कायमचा लक्षात राहतो.

अशा खेळात भांडणं उत्तरांपेक्षा प्रश्नांच्या शब्दांवरून जास्त होतात, आणि हे तुमच्यासारख्याच इतर ग्रुपनाही लागू आहे. ‘भारतातला पहिला चित्रपट कुठला?’ असं विचाराल तर एकजण फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणेल, दुसरा तोरण्यांचा १९१२ चा ‘श्री पुंडलिक’ काढेल. मग पुंडलिक म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचंच चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता, यावर रात्रीचे बारा वाजतील. शाहू महाराजांची जन्मतारीख विचाराल तर पूर्वी २६ जुलैला जयंती केलेली माणसं तुमच्या ग्रुपवर आहेत, आता ती २६ जूनला होते. शिवाय २६ जुलै १९०२ ही पन्नास टक्के राखीव जागांच्या जाहीरनाम्याची तारीख. पंचगंगेच्या पाच नद्या विचाराल तर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती झाल्या की पाचवी सरस्वती गुप्त; ‘दाखव कुठं हाय’ असं कुणीतरी म्हणणारच. असले प्रश्न टाळू नका, ते सगळ्यात रंगतात. फक्त विचारणाऱ्यानं दोन ठिकाणी तपासून घ्यावं, त्या रात्रीपुरता त्याचा शब्द शेवटचा मानावा, आणि हरकत असेल त्यानं सकाळी आधारासकट मांडावी. ‘फोनला तोंडी विचारलं, त्यानं सांगितलं’ हा आधार धरू नका. तो चुकीचंही तितक्याच ठासून सांगतो.

आणि एक गोष्ट प्रश्नातून कटाक्षानं वगळा: कुणाच्या तरी जातीला, धर्माला टोचावं म्हणून बेतलेला इतिहास. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून याच शहरात काय पेटलं आणि नेट बंद करायची वेळ कशी आली, हे तुम्ही जवळून पाहिलंय. तुमच्या अकरा जणांत तसं काही होणार नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण ग्रुपवरचा प्रश्न पुढं ढकलायला एक बोट पुरतं.

गुणांची वही बंद करा. अगदीच चैन पडत नसेल तर उत्तरांऐवजी प्रश्नांचे गुण ठेवा: या महिन्यात कुणाच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त जण बोलले? मग इतरांना बोलतं करण्यासाठी तुम्हाला राबावं लागेल, आणि तुमच्यातला शिक्षक त्यात उजवा ठरेल असा माझा कयास आहे.

राहिला मित्र. टोमणा ग्रुपवर मारला होता, तर दुरुस्तीही ग्रुपवरच करा, आजच करा, आणि छोटी करा. ‘प्रिचर्ड बरोबर. माझ्या प्रश्नात स्वतंत्र भारत राहिलं. पॉइंट तुझा, उद्याचा प्रश्न तुझा.’ यापुढं एक शब्द नको. ‘तू गुगल केलंस तरी’ असं तर मुळीच नको. तेवढ्या शब्दांनी सगळी माफी परत घेतल्यासारखी होते.

उत्तर आलं नाही तर फोन करू नका, त्याच्या वर्कशॉपवर जा. दुपारी चारच्या चहाला जा, तेव्हा मशीन थांबलेली असतात. तिथं तपासाचा विषय काढू नका. तो स्वतःहून ‘बघूनच सांगत होतो गा’ म्हणाला तर ‘मग काय झालं, मी पण बघूनच विचारतो’ म्हणा, आणि नऊ ते साडेनऊ जरा थांबत जा म्हणून सांगा. नाही म्हणाला तर तसंच सोडून द्या. तुमच्या तीन पानी पुराव्याचं तिथं काही काम नाही. कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र जरूर काढा.

मग त्याचा प्रश्न येईल. कदाचित लेथवरचा असेल, कदाचित एखाद्या जुन्या गाण्याचा, कदाचित तुमच्या तोंडावर मारायला खास हुडकून आणलेला इतिहासाचा. उत्तर येत असेल तरी अर्धा तास थांबा, आधी त्या गप्प बसणाऱ्या सहांना बोलू द्या. येत नसेल तर पुस्तक काढू नका, ग्रुपवर सरळ लिहा: ‘न्हाई येत गा, सांग.’